फालूनची तांब्याची खाण आणि भोवतालचा दालार्ना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनला जाणारी मराठी मंडळी बहुतेक वेळा स्टॉकहोम पाहतात, फार तर उत्तरेला ध्रुवीय प्रकाश बघायला जातात आणि परततात. मधला दालार्ना हा प्रांत राहून जातो. त्या प्रांताचं मुख्य गाव फालून, आणि गावाच्या कडेला हजार वर्षं खणली गेलेली तांब्याची खाण. तिथे जाऊ पाहणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

खाण बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? एक खड्डाच ना?

खड्डाच आहे, पण त्या खड्ड्याने एक देश उभा केला. सतराव्या शतकात स्वीडन युरोपातली मोठी लष्करी सत्ता बनला, आणि त्या फौजांचा खर्च बऱ्याच अंशी फालूनच्या तांब्यातून निघत होता. भरभराटीच्या काळात युरोपच्या गरजेतलं दोन तृतीयांश तांबं इथून जात असे, असं सांगितलं जातं. १६५० च्या सुमाराला वर्षाचं उत्पादन ३,००० टनांपर्यंत पोहोचलं होतं. तेव्हा फालून हे स्टॉकहोमनंतरचं देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर होतं. आज ते साधारण ४० हजार वस्तीचं शांत गाव आहे.

खाण ८ डिसेंबर १९९२ रोजी बंद झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. यादीत नुसती खाण नाही. कामगारांच्या लाकडी वस्त्या, पाणी वळवून आणणारे कालवे आणि बंधारे, खाणमालकांचे वाडे, भट्ट्यांच्या जागा असा सगळा परिसर त्यात धरलेला आहे. म्हणूनच खाण बघून लगेच परत फिरणं मला अर्धवट वाटतं. आसपासच्या खेड्यांत जे जे बघण्यासारखं आहे, त्यातल्या बहुतेकाचं मूळ या खड्ड्यात सापडतं.

स्टॉकहोमहून कसं जायचं?

रेल्वेने. स्टॉकहोमच्या मध्यवर्ती स्थानकातून फालूनला थेट गाड्या आहेत, प्रवास साधारण अडीच ते तीन तासांचा. उप्साला, साला, आवेस्ता, बोर्लेंगे असा मार्ग आहे. बऱ्याच गाड्या आर्लांडा विमानतळाखालच्या स्थानकावरही थांबतात, त्यामुळे विमानातून उतरून स्टॉकहोममध्ये न शिरता परस्पर फालून गाठता येतं. तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं.

फालून स्थानकापासून खाण पायी साधारण अर्ध्या तासावर आहे. स्थानिक बसही आहे, पण पायी गेलात तर एल्सबोर्गच्या लाकडी वस्तीतून जाता येतं. हवा बरी असेल तर चालाच.

एका दिवसात जमेल का?

सकाळची गाडी, दुपारी खाण, संध्याकाळी परत, असं जमतं. पण मग ज्या परिसरासाठी एवढं लांब यायचं तोच राहून जातो. निदान दोन रात्री ठेवा. एक दिवस खाण आणि गाव, दुसरा दिवस सुंडबोर्न किंवा ओर्नेस या जवळच्या खेड्यांत. सिल्यान तळ्याकडे जायचं असेल तर तिसरी रात्रही लागेल.

कोणत्या महिन्यात जावं?

जून ते ऑगस्ट. आसपासची बरीच छोटी संग्रहालयं आणि वाडे फक्त उन्हाळ्यात उघडे असतात. सप्टेंबर उजाडला की वेळा आखडतात. मे आणि सप्टेंबरमध्ये गर्दी कमी असते, पण तुम्हाला हवं ते ठिकाण त्या दिवशी उघडं आहे का, हे आधी तपासायलाच हवं.

एक मोठा अपवाद ध्यानात ठेवा: मिडसमर. १९ ते २५ जून यांच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी हा सण सुरू होतो. दालार्नात तो सर्वांत थाटात होतो आणि लेक्सांड गावचा पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभारताना बघायला हजारो माणसं जमतात. मात्र त्या दोन-तीन दिवसांत दुकानं, संग्रहालयं, बसगाड्या यांतलं बरंचसं बंद किंवा अगदी तुरळक असतं, आणि राहायची जागा महिनोन्‌महिने आधी भरलेली असते. सणासाठीच जायचं असेल तर जरूर जा. खाण बघायला म्हणून ते दिवस निवडू नका.

तो प्रचंड खड्डा माणसांनी खणला का?

पूर्ण नाही. त्याचं नाव स्टोरा स्टॉटेन. सुमारे १०० मीटर खोल आणि तीनशे मीटरहून जास्त रुंद. काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा वाटतं, हे सगळं कुदळीने काढलं असेल. खरी गोष्ट वेगळी आहे.

सतराव्या शतकात प्रत्येक जण आपापल्या हिश्शाचं धातुक, म्हणजे तांबं असलेला दगड, काढण्याच्या मागे होता. नकाशा, आधार, मोजमाप यांची फारशी शिस्त नव्हती. खाली दालनांवर दालनं पोखरली गेली आणि मधल्या खडकाच्या भिंती पातळ होत गेल्या. वर तीन मोठे उघडे खड्डे होते. काही वर्षं कुरकुर ऐकू येत होती, छोटे कोसळे होत होते. २५ जून १६८७ रोजी मधल्या भिंती आणि खालची दालनं एकदम ढासळली, आणि तीन खड्ड्यांचा एक झाला.

एकही माणूस मेला नाही. मिडसमरची सुट्टी होती. वर्षभरात खाणीचं काम ज्या मोजक्या दिवशी थांबे त्यांतला तो एक. दुसऱ्या कुठल्याही दिवशी शेकडो माणसं खाली असती.

त्या कोसळण्याने खाण संपली मात्र नाही. ढिगाऱ्यातलंच धातुक उपसायला सुरुवात झाली आणि पुढे आणखी तीनशे वर्षं काम चालू राहिलं. पण सर्वोच्च उत्पादनाचे दिवस पुन्हा आले नाहीत.

खाणीत खाली उतरता येतं का? काय बघायला मिळतं?

येतं, वाटाड्याबरोबर. साधारण तासाभराची फेरी असते, ६७ मीटर खोलपर्यंत. वर हेल्मेट आणि अंगावर घालायला सैल झगा देतात. खाली उन्हाळ्यातही तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असतं आणि वरून पाणी ठिबकत असतं, तेव्हा आत स्वेटर आणि पायांत पक्के बूट हवेतच. चपला, सँडल घालून आलेले लोक दर उन्हाळ्यात दिसतात आणि दर उन्हाळ्यात पस्तावतात.

बघण्यासारखं बरंच आहे. क्रॉइट्स नावाची उभी विहीर २०८ मीटर खोल आहे, आणि तिला आधार देणारी लाकडी भिंत जगातल्या सर्वांत उंच लाकडी बांधकामांपैकी एक समजली जाते. वाटाड्या तिच्यात काहीतरी टाकतो आणि आवाज यायला लागणारा वेळ मोजायला सांगतो. भिंतीवर राजघराण्यातल्या पाहुण्यांच्या सह्या आहेत. स्वीडनच्या राजांना गादीवर आल्यावर इथे उतरण्याची प्रथाच होती.

माझ्या मते खरी लक्ष देण्याची जागा म्हणजे काजळलेले, गोलाकार, गुळगुळीत कोपरे. सुरुंगाची दारू येण्याआधी खडक फोडायची पद्धत होती ती आगीची. खडकाला लागून लाकडं रचायची, संध्याकाळी पेटवायची, रात्रभर खडक तापू द्यायचा आणि सकाळी तडकलेला थर हातोडा-पहारीने पाडायचा. एका महिन्यात बोगदा काही मीटर पुढे सरकला तरी काम चांगलं झालं असं मानत. एवढ्या लाकडासाठी आसपासचं रान साफ झालं. उरलंसुरलं रान धातुक भाजण्याच्या धुराने मारलं, कारण धातुकात गंधक होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस १७३४ मध्ये इथे आला तेव्हा गावाभोवती जवळपास काही उगवत नव्हतं. खाणीत उतरून त्याने कामगारांची दशा बघितली आणि लिहिताना त्याला नरकाचीच उपमा सुचली. आता वर येऊन भोवतालची हिरवी झाडं बघताना हे आठवायला हवं.

आणखी एक: खाली शीळ घालू नका. जुन्या कामगारांच्या श्रद्धेप्रमाणे खाणीची एक मालकीण आहे, तिला शिव्या आणि शीळ खपत नाहीत. वाटाडे हे हसत सांगतात, पण स्वतः शीळ घालत नाहीत.

आईवडिलांना गुडघेदुखी आहे. मुलगा दोन वर्षांचा आहे. काय करावं?

पायऱ्या बऱ्याच आहेत, ओल्या आहेत, काही ठिकाणी वाकून चालावं लागतं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनीही विचार करावा. बाबागाडी खाली नेता येत नाही. लहान मुलांची वयोमर्यादा आणि चालायला त्रास असणाऱ्यांसाठीची सोय तिकीट काढतानाच विचारून घ्या. ज्यांना उतरायचं नाही त्यांचा दिवस मात्र वाया जात नाही. खड्ड्याच्या काठाने चालायची वाट आहे, वरची जुनी चाकं आणि लाकडी इमारती आहेत, आणि खाणीचं संग्रहालय आहे. क्रिस्टोफर पोल्हेम या अभियंत्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या जोरावर चालणारी उपसायंत्रं इथे बांधली. त्यांच्या प्रतिकृती संग्रहालयात बघितल्या तर खालच्या काळोखात काय चालायचं ते जास्त नीट कळतं.

फेट-मॅट्सची गोष्ट खरी की दंतकथा?

खरी, आणि कागदोपत्री नोंदलेली. मॅट्स इस्राएलसन हा तरुण १६७७ मध्ये खाणीत गेला आणि परत आला नाही. १७१९ मध्ये पाण्याने भरलेल्या एका जुन्या भागात कामगारांना एक प्रेत सापडलं. कुजलेलं नव्हतं, कालच मेलेल्या तरुणासारखं दिसत होतं. कुणालाच ओळख पटेना, कारण त्या वयाचा कुणी हरवल्याचं अलीकडे ऐकिवात नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली, मार्गारेता ओल्सदोत्तेर. तिने त्याला ओळखलं. बेचाळीस वर्षांपूर्वी तिचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं.

खाणीच्या पाण्यात हिराकस, मोरचूद यांसारखे क्षार मुरलेले होते, त्यांनी शरीर टिकवलं. बाहेरच्या हवेत ते हळूहळू कडक होत गेलं. लोक म्हणू लागले की मॅट्सचा दगड झाला. लिनियसने प्रेत पाहून सांगितलं की दगड वगैरे काही झालेला नाही, क्षारांचा थर आहे आणि उघड्यावर ठेवलं तर कधीतरी कुजणारच. तरी ते कित्येक वर्षं लोकांना दाखवलं जात होतं. १७४९ मध्ये चर्चच्या जमिनीखाली पुरलं, एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी पुन्हा वर आलं, पुन्हा पेटीत मांडलं गेलं. शेवटी १९३० मध्ये स्टोरा कोपरबेर्ग चर्चच्या आवारात त्याला कायमची जागा मिळाली. हे चर्च गावातली सर्वांत जुनी इमारत आहे. तिथे दगड आहे, बघता येतो.

जर्मन लेखकांनी या गोष्टीवर भरपूर लिहिलं. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट खटकते: मार्गारेताने ओळख पटवल्यावरही ते प्रेत तिला कधी पुरता आलं नाही, कारण खाणीला ते दाखवायला हवं होतं.

ही खाण पहिल्यांदा कुणाला सापडली?

लोककथेप्रमाणे एका बोकडाला. कोरे नावाचा बोकड रानातून शिंगं लाल करून घरी आला, मालकाने माग काढला तर लाल माती निघाली. गावात बोकडाला आजही मान आहे. प्रत्यक्षात खाणकाम निदान हजार वर्षांपूर्वीपासून चालू असावं असं अभ्यासक मानतात.

लेखी पुरावा मिळतो १२८८ चा. वेस्तेरोसचा बिशप पेतेर याने खाणीतला आठवा हिस्सा परत मिळवला, त्याचा तो दस्त आहे. म्हणजे तेव्हाच खाण हिश्शांमध्ये वाटलेली होती आणि हिस्से विकले-घेतले जात होते. जगातल्या सर्वांत जुन्या भागीदारी कंपन्यांमध्ये फालूनचं नाव घेतात ते यावरून. राजा माग्नुस एरिकसनने १३४७ मध्ये खाणीला सनद दिली. तीच संस्था पुढे कागद आणि लाकडाच्या धंद्यात शिरली, आणि १९९८ मध्ये एका फिनिश कंपनीशी एकत्र होऊन स्टोरा एन्सो झाली.

२० किलोचं नाणं असतं म्हणे, ते इथेच आहे का?

हो, तांब्याच्या पाट्यांचा पैसा. चांदी कमी आणि तांबं अमाप, म्हणून १६४४ पासून स्वीडनने तांब्याच्या पाट्यांवर शिक्के मारून नाणी काढली. दहा दालरची (हे तेव्हाचं स्वीडिश चलन) पाटी १९ किलोहून जड होती. पाट्या पाडण्याचं काम आवेस्ताला होत असे, फालूनच्या आग्नेयेला. खाणीच्या संग्रहालयातल्या नाणी विभागात हा प्रकार बघायला मिळतो. मुलांना खाणीपेक्षाही हेच जास्त लक्षात राहतं.

असला पैसा खिशात घालता येत नाही, ढकलगाडी लागते. १६६१ मध्ये स्टॉकहोमच्या बँकेने कागदी नोटा काढल्या, युरोपातल्या पहिल्या. बँक काही वर्षांतच गडगडली, पण नोटेची कल्पना राहिली.

सगळीकडे घरं लालच का?

कारण रंगही याच खाणीचा. तांबं फार कमी असलेलं धातुक बाहेर फेकलं जायचं. ते वर्षानुवर्षं उघड्यावर राहून त्यातलं लोखंड गंजायचं. ती गेरूसारखी माती धुऊन, वाळवून, भाजून, दळून रंगाची भुकटी बनते. तिच्यात पाणी, राईचं पीठ आणि जवसाचं तेल घालून शिजवलं की लाकडाला लावायचा लाल रंग तयार. पिठाने तो चिकटतो आणि लाकूड श्वास घेऊ शकतं, म्हणून शेकडो वर्षांची लाकडी घरं टिकून आहेत.

सोळाव्या शतकात राजवाड्याच्या छपरासाठी हा रंग मागवला जाई. विटांच्या श्रीमंती घरांची नक्कल म्हणून तो सरदारांच्या लाकडी घरांवर आला, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत साध्या शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचला. १७६४ पासून खाणीवर तो कारखाना म्हणून चालतो. तांबं संपलं, रंग अजून बनतो. डबा विकत मिळतो, पण विमानात नेण्याचे नियम बघून घ्या; कोरडी भुकटीही मिळते.

खाणीशिवाय गावात काय आहे?

एल्सबोर्ग, गामला हेरगोर्डेन आणि ओस्तानफोर्स या तीन जुन्या लाकडी वस्त्या. १७६१ च्या आगींमध्ये गावाचा मोठा भाग जळला, त्यातून जे वाचलं ते इथे दिसतं. पायऱ्या, कुंपणं, पाया यांत काळे चकचकीत दगड दिसतील. ती भट्टीतून निघालेली मळी आहे, लोकांनी ती ओतून विटांसारखी वापरली. घरांत माणसं राहतात, खिडकीतून डोकावून फोटो काढू नका.

मुख्य चौकात क्रिस्टीना चर्च आहे, सतराव्या शतकातलं, खाणीच्या पैशाच्या ऐन बहरातलं. दालार्ना संग्रहालयात या प्रांताची फुलांच्या भरगच्च वेलबुट्टीची भित्तिचित्रं बघा. नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या लेखिका सेल्मा लागरलोफ बरीच वर्षं फालूनला राहत होत्या. त्यांची अभ्यासिका याच संग्रहालयात मांडून ठेवली आहे.

रसायनशास्त्र आवडणाऱ्यांसाठी: सेलेनियम हे मूलद्रव्य बर्झेलियस आणि गान यांना १८१७ मध्ये सापडलं ते फालूनच्या गंधकयुक्त दगडापासून केलेल्या आम्लाच्या गाळात. गान फालूनलाच राहत असे.

सुंडबोर्नला काय आहे?

फालूनपासून तेरा-चौदा किलोमीटरवर ओढ्याकाठचं खेडं, आणि त्यात चित्रकार कार्ल लार्सन यांचं घर. करीन लार्सन यांच्या वडिलांनी १८८८ मध्ये हे लहानसं घर दोघांना दिलं. मग मुलं होत गेली, खोल्या वाढत गेल्या आणि दोघांनी मिळून भिंती, दारं, खुर्च्या, पडदे, सगळं रंगवून-विणून काढलं. कार्लने या घरातल्या रोजच्या जगण्याची जलरंगातली चित्रं केली, ती १८९९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि स्वीडिश घर म्हणजे असं, ही प्रतिमाच घडली. उजेडाच्या खोल्या, साधं फर्निचर, ठळक रंग, जे आज स्वीडिश दुकानांमधून जगभर विकलं जातं, त्याचं एक मूळ या घरात आहे.

नाव कार्लचं झालं, पण घर बघताना करीनच्या कामाकडे जास्त लक्ष द्या. ती स्वतः शिकलेली चित्रकार होती. लग्नानंतर चित्रं मागे पडली आणि तिने सगळी कला विणकामात, भरतकामात, फर्निचरच्या आराखड्यांत ओतली. तिचे पडदे आणि चादरी आज बघितल्या तरी नव्या वाटतात, कार्लच्या चित्रांपेक्षाही.

घर वाटाड्याबरोबरच आणि छोट्या गटात बघावं लागतं. इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, जुलैत आधी नोंदवा. कार्ल आणि करीन दोघांच्या कबरी गावच्या चर्चच्या आवारात आहेत.

लिनियसचं लग्न इथे झालं होतं का?

हो, फालून आणि सुंडबोर्नच्या मध्ये स्वेडेन नावाच्या वाड्यावर, २६ जून १७३९ रोजी. नवरी सारा एलिसाबेत मोरेया, फालूनच्या डॉक्टरची मुलगी. लग्नाची लाकडी खोली जपून ठेवली आहे. ती नेहमी उघडी नसते, म्हणून मुद्दाम त्यासाठीच न जाता सुंडबोर्नच्या वाटेवर थांबा.

ओर्नेसला राजा शौचकूपातून पळाला, हे खरं?

परंपरा तसं सांगते. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या राजाने स्टॉकहोममध्ये स्वीडिश सरदारांची कत्तल केली, त्यात तरुण गुस्ताव एरिकसनचे वडीलही गेले. तो वेषांतर करून दालार्नात आला, लोकांना उठवायला. ओर्नेसला शिकतानाचा मित्र आरेंट पेर्सन राहत होता. त्याने आसरा दिला आणि गुपचूप डॅनिश अधिकाऱ्याकडे खबर द्यायला गेला. त्याची बायको बार्ब्रो स्टिग्सदोत्तेर हिला ते कळलं. तिने पाहुण्याला माडीवरच्या शौचकूपातून खाली सोडलं, खाली घोडा आणि घसरगाडी तयार होती. १५२३ मध्ये तोच गुस्ताव वासा राजा झाला.

ती माडी, म्हणजे ओर्नेसची लाकडी इमारत, रून तळ्याकाठी उभी आहे, फालून आणि बोर्लेंगेच्या मध्ये. उन्हाळ्यातच उघडी. ज्या शौचकूपातून तो उतरला म्हणतात ते दाखवतात, आणि मुलं खूश होतात. वाड्यापेक्षा मला जवळची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते: खोल कातरलेल्या पानांचा ओर्नेस बर्च १७६७ मध्ये याच भागात पहिल्यांदा सापडला आणि आता तो स्वीडनचा राष्ट्रीय वृक्ष आहे.

खाणमालकांचे वाडे बघायचे तर कुठे जावं?

स्टाबेर्ग. रून तळ्याच्या बाजूला, फालूनपासून फार लांब नाही. खाणीत हिस्सा असणारे हे लोक स्वतःची भट्टी चालवत, शेती करत, आणि पैसा झाला की सरदारांसारखं राहत. स्टाबेर्गला अठराव्या शतकातली बरोक धाटणीची बाग पुन्हा उभी केली आहे, मागे वाडा आणि भट्टीचे अवशेष. ज्याला खाणीचा पैसा कुठे गेला हे बघायचं असेल त्याने इथे यावं. गर्दी जवळपास नसते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

फालून, सुंडबोर्न आणि सिल्यानची गावं एवढंच करायचं तर बस-रेल्वे पुरते. प्रांताची बससेवा दालाट्राफीक, तिच्या मोबाइल ॲपवर तिकिटं मिळतात. शनिवार-रविवारी बसा फार कमी होतात, हा खरा अडथळा. स्टाबेर्ग, ओर्नेस, स्वेडेन असं एका दिवसात जोडायचं तर गाडी किंवा सायकल हवी. संध्याकाळी हरणं आणि मूस (थोराड जातीचं हरीण) रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा.

सिल्यान तळं वाकडी वाट करून बघण्यासारखं आहे का?

आहे, पण वेगळा दिवस काढून. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी पडलेल्या उल्केच्या खळग्यात हे तळं आहे; युरोपातला ज्ञात असलेला सर्वांत मोठा आघात-खळगा. रेट्विकला तळ्यात शिरणारा ६२८ मीटर लांब लाकडी धक्का आहे. तिथून जवळ दालहाल्ला: चुनखडीची जुनी खाण, ६० मीटर खोल, आता तिच्या तळाशी उन्हाळ्यात ऑपेरा आणि मैफिली होतात. फालूनची खाण बघून आलेल्याला ही दुसरी खाण बघताना मजा येते. इथे कामासाठी खणलेली जागा गाण्यासाठी मुद्दाम बनवल्यासारखी वाजते.

मोराजवळच्या नुसनेसला लाल रंगाचे लाकडी घोडे बनतात. कारखान्यात रंगकाम आणि वेलबुट्टी करताना बघता येतं. घोडा घ्यायचा तर इथून घ्या. मोराला चित्रकार अँडर्स झोर्न यांचं घर आणि संग्रहालय आहे.

रानात कुठेही फिरलं तर कुणी अडवतं का?

नाही. स्वीडनमध्ये खाजगी रानातही कुणालाही चालता येतं, ब्लूबेरी आणि भूछत्रं वेचता येतात, एक-दोन रात्री तंबू ठोकता येतो. फक्त घराच्या अंगणापासून आणि उभ्या पिकापासून लांब राहायचं, आणि कोरड्या दिवसांत आग लावायची नाही. ओळख नसलेलं भूछत्र खाऊ नका. खाणीच्या अगदी लगतची बेरीही टाळा. शेकडो वर्षांच्या धुराने आणि मळीने तिथल्या मातीत जड धातू उतरले आहेत. उन्हाळ्यात डास आणि गोचिड्या असतात. लांब पँट घाला आणि रात्री अंग तपासा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

फार नाही. गावातल्या बहुतेक उपाहारगृहांत एक तरी शाकाहारी पदार्थ असतो, किराणा दुकानांत तयार पदार्थ भरपूर. खेड्यांत मात्र कॉफी आणि दालचिनीच्या बनवर भागवावं लागतं. वाईट नाही.

फालूकोर्व हे सॉसेज गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे, गाय आणि डुकराच्या मांसाचं. तेही खाणीचंच अपत्य. उपसायचे दोर बैलांच्या कातड्याचे वळत, त्यासाठी बैल कापले जात, आणि उरलेल्या मांसाचं जर्मन कामगारांच्या पद्धतीने सॉसेज होऊ लागलं. खात नसाल तर नाव लक्षात ठेवा, कारण ते अनपेक्षित ठिकाणी सापडतं, अगदी शाळकरी मुलांच्या पास्त्यातही.

व्हिसा, पैसे, भाषा?

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. चलन क्रोना, युरो नाही. रोख रक्कम कित्येक ठिकाणी घेतच नाहीत, कार्ड ठेवा. इंग्रजी जवळपास सगळ्यांना येते.

हिवाळ्यात गेलो तर?

खाणीची फेरी तेव्हा कमी दिवस असते, आधी विचारा. खाली तापमान तेच असतं, त्यामुळे जानेवारीत खाणीतच ऊब वाटते. रून तळं गोठलं की बर्फावर स्केटिंगचा लांब पट्टा साफ करतात. ‘लुग्नेत’ या गावातल्या क्रीडास्थळी स्कीचे मार्ग आणि उडीचा उंच मनोरा आहे. स्कीची जागतिक स्पर्धा इथे अनेकदा झाली, अलीकडे २०१५ मध्ये. मार्चच्या पहिल्या रविवारी सेलेन ते मोरा अशी ९० किलोमीटरची वासालोपेट ही स्की शर्यत असते, १९२२ पासून चालत आलेली, गुस्ताव वासाच्याच पलायनाची आठवण म्हणून. त्या आठवड्यात मोरा आणि आसपास जागा मिळत नाही, फालूनलाही कठीण. स्कीशी देणंघेणं नसेल तर तो आठवडा सोडून जा.